मोठं स्प्रॉकेट आणि गौरीचे वडे

तुम्ही गिअरचं काय सांगता, आमच्याकडे एका वर्षी गौरीचे वडे गिअरवर ठरले होते! रोह्याचा माझा भाऊ सुभाष आणि आमचे हे, दोघांनी मिठागराच्या रस्त्यावर मोटारसायकलची शर्यत लावली. हरेल त्यानं आमच्या पेणच्या घरी सगळ्या बायकांसमोर वडे तळायचे.

ह्यांना वेगासाठी मागच्या चाकाचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, लहान हवं होतं. मी म्हटलं, "अहो, रस्ता एवढासा. वेग धरेपर्यंत संपेल. मोठं लावा, गाडी जागेवरून उसळेल."

हे जिंकले! पण मी ह्यांच्या मागे बसून घरी परतताना हमरस्त्यावर त्याच मोठ्या स्प्रॉकेटनं गाडी नुसती बोंबलत होती, वेग काही वाढेना. सुभाष शेजारून सुसाट जात ओरडला, "काय दाजी, जिंकून पन मागंच?"

मीच ओरडले, "तू हो पुढं, तेल तापव!"