सुमनच्या अंगावरच्या रेघा

काय सांगू तुम्हाला, आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, पण ते आपलं सांगायला, माझा जन्म इथलाच, दिल्लीतल्या करोल बागचा. वडील सेंट्रल गव्हर्नमेंटमध्ये क्लार्क, मला पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलं, तिथे मी वहीभर चित्रं काढायचो आणि वडील म्हणायचे की चित्रं काढून कोणाचं पोट भरलंय, तर बघा, माझं भरलं, पण दुसऱ्यांच्या चित्रांवर. फ्रेमच्या दुकानात लागलो, मालक लालाजी, ते परदेशी पुस्तकातलं पान फाडून हातात द्यायचे, मास्टरजी, ये बना दो, बिल्कुल सेम. विलायती सूर्यफुलं झाली, तळ्यातली कमळं झाली, घोडे झाले, सही मात्र माझी कशावरच नाही.

आमची पद्धत अशी, की आधी त्या पानावर पट्टी ठेवून उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, चौकटी पाडायच्या, तशाच मोठ्या चौकटी कॅनव्हासवर, आणि मग एकेक चौकट उतरवत जायचं. आपण नाक काढतोय की डोंगर, ते बघायचंच नाही, बघितलं की हात स्वतःच्या मनाचं करायला लागतो. माझा हात कधी तसं करायचा नाही, लालाजी खूश असायचे.

मग सुमन गेली, माझी बायको. मूलबाळ नाही, दिल्लीत बाहेर सगळी हिंदी, घरात ती होती तोवर मराठी होती, ती गेली आणि बोलायलाच कोणी राहिलं नाही, घर खायला उठायचं. एक दिवस समोर काही न ठेवता चित्र काढायला बसलो. आमची मागची गॅलरी, दोरीवर निळी साडी, आणि सुमन पाठमोरी, मान जराशी डावीकडे कललेली, रागावली की अशीच उभी राहायची. खरं सांगतो, पुढे काय काढायचं ते सांगणारं पान समोर नव्हतं. पण झालं, अगदी तीच झाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोपऱ्यात सही केली.

लालाजींना दाखवलं. ते म्हणाले, अच्छा है यार, किसका है? मी म्हटलं, मेरा. ते हसले, आणि म्हणाले की पहाडगंजच्या एका हॉटेलला खोल्यांमध्ये लावायला चित्रं हवीत, अशीच आणखी बनवा. मला इतका आनंद झाला की घरी आलो, चित्र टेबलावर आडवं ठेवलं, पट्टी घेतली, पेन घेतलं आणि नेहमीसारख्या रेघा मारायला लागलो. कळलंच नाही हो मला. पूर्ण चौकटी पडल्यावर कळलं की हे छापील पान नाही, ही सुमन आहे. तेलरंग आतून ओला होता, रेघा खोल रुतल्या. पुसायला गेलो तर साडीचा निळा रंगच निघाला, मग हात लावला नाही. खाली बसून रडलो.

कॉप्या मात्र झाल्या, स्वच्छ झाल्या. लालाजींनी त्या घेतल्या, हे रेघा पडलेलं चित्र बघितलं आणि म्हणाले, मास्टरजी, ओरिजिनल तो खराब हो गया, इसे रख लो.

हॉटेलात जाऊन बघून आलो एकदा. प्रत्येक खोलीत गॅलरी, निळी साडी, सगळं सेम, फक्त मान सरळ. चौकट चौकट उतरवताना कधी नव्हे ते माझ्याच हाताने स्वतःच्या मनाचं केलं होतं, ती सरळ केली होती. ती कोणीतरी बाई आहे, सुमन नाही.

सुमन ही, समोर, रेघांच्या मागे. येणारेजाणारे विचारतात, काका, हे पूर्ण कधी करणार, मी म्हणतो करीन. कोणालाच नको आहे ते, म्हणून तर माझ्याजवळ राहिलंय. तुम्ही सुखी राहा, येत जा अधूनमधून, आणि इथेच बसून माझ्याशी मराठीत बोलत जा, घरात दोन माणसं बोलताना ऐकून फार दिवस झालेत तिला.