जाड कमरेची माशी

नाही, पाणी नंतर प्या साहेब — आधी ती पाटी नीट उभी धरा. हां, उजेडाकडे. ही मधमाशी? ही? अहो, मी पाचवीत शाळा सोडली, पण एवढं मलाही कळतं — कंबर बघा हिची. कुठाय कंबर? आमच्या किराणावाल्यासारखी, छाती संपली की थेट पोट! ही करवतमाशी. हिच्या पोटाखाली करवत असते, पानं चिरून अंडी घालते, मग अळ्या अख्खं झाड बोडकं करतात. हिलाच मारायला तर दादा सात वर्षं पाठीवर फवारणीचा पंप घेऊन जंगलात जात होता — आणि त्याच्या नावाच्या पाटीवर हिलाच बसवलंत? वर लिहिलंय काय, तर ‘मधमाशीसाठी प्राण दिले’. वा! वनखात्याच्या ऑफिसात चष्मे ढीगभर, डोळे एकालाही नाहीत.

रानमधमाशी बारीक कमरेची, केसाळ. दादा म्हणायचा, ‘छोट्या, आधी कंबर बघ, मग तोंड उघड.’ मोजक्याच उरल्यात, म्हणून नियम तुमचाच — ती दिसली त्या झाडावर फवारा नाही. दादा तर तिच्यापायी वेडा! खिशात काचेची बाटली. धरायची, बघायची, सोडून द्यायची. आई म्हणायची, हा माशीशीच लग्न लावणार.

त्या दिवशी? लिहून दिलंय ना तुमच्या माणसाला — कमरेला पट्टा न बांधता झाडावर चढला. घाईत. आता घाई कसली म्हणजे... कोणीतरी खालून ओरडलं, ‘दादा, मधमाशी!’ कोणीतरी म्हणजे — दोघंच तर होतो आम्ही.

असं बघू नका माझ्याकडे. पिवळी दिसली लांबून. तुमच्या चित्रकाराला दिसली तशीच.

बाटली फुटली नाही, साहेब. एवढ्या उंचावरून पडून बाटली शाबूत! ही घ्या, बघा आतली माशी — आहे कंबर? म्हणजे त्याला वरच कळलं होतं. तरी शिवी घातली नाही. माझ्याकडे बघून हसला, बाटली खिशात टाकली, आणि मग फांदी...

राहू द्या ते चित्र. बदलू नका. बरोबर आहे.

आई येतेय — द्या ती बाटली इकडे, आधी द्या! तिनं विचारलं तर मधमाशीच होती. कळलं?

आई, साहेब निघालेत. पाणी नकोय त्यांना.