सहाशे जणांची मापं

कारागीर : ...पण हा चोर माझ्या संगणकात शिरला कुठून?

दुरुस्तीवाली : दारातून, काका. आपणच उघडलं. कृत्रिम पाय आखायचं हे सॉफ्टवेअर चोरीचं ना?

कारागीर : मेव्हण्यानं दिलं. म्हणाला, अस्सल तेच, फक्त फुकट.

दुरुस्तीवाली : बसवताना अँटिव्हायरस बंद करायला लावला असेल.

कारागीर : हो की गं!

दुरुस्तीवाली : पहारेकरीच झोपवला. आता फायलींना कुलूप, किल्लीसाठी खंडणी.

कारागीर : देऊन टाकू? सहाशे जणांची मापं आहेत त्यात. त्यातल्या एक शिक्षिकाबाई सोमवारी शाळेत रुजू होणार, मी करून देणार त्या नव्या पायावर.

दुरुस्तीवाली : दमडीही नको. दिली तरी किल्ली मिळेलच असं नाही. गेल्या वर्षी मी फायलींची प्रत काढून दिली होती, ती डिस्क कुठंय?

कारागीर : तेव्हा मी तुला ‘नसती उठाठेव’ म्हणालो होतो. थांब, पत्र्याच्या कपाटात आहे.

(दुपारी, संगणक पूर्ण पुसून नव्यानं लावल्यावर.)

दुरुस्तीवाली : बघा, उघडली.

कारागीर : हा ड्रायव्हरचा डावा... ही नर्स... पोरी, जिवात जीव आला!

दुरुस्तीवाली : पण यंदाच्या अकरा जणांची मापं गेली. शिक्षिकाबाईही त्यांतच.

कारागीर : फोन लावतो... बाई, चूक माझी. चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं, तुमची मापं गेली. पुन्हा यावं लागेल.

शिक्षिका : आत्ताच निघते. पहिल्या पायाच्या वेळी मी रडून गोंधळ घातला, तुम्ही चारदा माप घेतलंत. कपाळाला आठी नाही. मी दोनदा द्यायला कंटाळू?

कारागीर : ऐकलंस? रागावल्यासुद्धा नाहीत.

दुरुस्तीवाली : डोळे पुसा आणि इकडे बघा. पाय आखायचं हे दुसरं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच मोकळेपणानं वाटलंय, वापरायला कायद्याची आडकाठी नाही. कमी पडलं तर मूळ कंपनीचं महिन्याच्या वर्गणीवर घ्या. दर शनिवारी प्रत काढायची, आणि डिस्क लगेच सोडवून कपाटात.

कारागीर : शनिवार चुकला तर कान धर माझा. तुझे उपकार फेडू कसे?

दुरुस्तीवाली : तुम्ही बाबांना पाय बसवलात, त्या दिवशी त्यांनी मला हेच विचारलं होतं.

कारागीर : मग काय म्हणालीस?

दुरुस्तीवाली : म्हटलं, वेळ आली की बघू. आज तुमचा फोन आला तेव्हा बाबाच म्हणाले, ‘तू हो पुढे. मी येतो मागून चालत.’