फलाट एकवरील उंचवट्यांबाबत

नाव व पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. वय ५४, व्यवसाय ग्रंथपाल. समक्ष हजर राहून सांगते की, जबाब माझा असला तरी गाऱ्हाणं काठीने वाट चाचपत या स्थानकात येणाऱ्या प्रत्येकाचं आहे. आमच्या सोयी आम्हाला न विचारता होतात.

माझे पती वाद्यं दुरुस्त करतात. त्यांना दिसत नाही. जुन्या फलाटावर फक्त कडेजवळच्या पिवळ्या पट्ट्यात फरशीला उंचवटे होते. ते पायाला लागले की हे थांबत.

स्थानक नव्याने बांधायचं ठरलं तेव्हा बैठक आमच्या वाचनालयातच झाली. वास्तुरचनाकार म्हणाले, "कडेला तेवढा पिवळा पट्टा म्हणजे नव्या कोटाला ठिगळ." सुरक्षा अधिकारी म्हणाले, "उंचवटे नसतील तर मी सही करणार नाही." शेवटी करड्या दगडाचे उंचवटे फलाटभर बसवायचं ठरलं. दोघांचंही समाधान झालं. मी उठून विचारलं, "मग कड कुठे आहे, हे पायाला कसं कळणार?" अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचं भाषण सुरू झालं की चहा गार होतो." लोक हसले. फलाट तसाच बांधला गेला.

काल संध्याकाळी मी तिकीट काढत होते. हे पुढे गेले. गर्दीत काठी लोकांच्या पायांत येते म्हणून ती अंगाशी धरली होती. ते रुळांवर पडले. दोन प्रवाशांनी खाली उतरून त्यांना वर घेतलं. मग गाडी आली. खुब्याचं हाड मोडलं आहे.

रुग्णालयात मी रागावले, थांबला का नाहीत? म्हणाले, "अगं, जिन्यापासून फरशी 'थांब, थांब'च म्हणत होती. माणसानं किती वेळा थांबायचं?" मग म्हणाले, "यापुढे वाद्यं घरीच आणून देत जा." मी पांघरूण नीट केलं.

हवालदारांनी आधी "पाय घसरून पडले" असं लिहिलं. मी खोडायला सांगितलं. म्हणाले, "ताई, असंच लिहितात. प्रकरण लवकर मिटतं." प्रकरण मिटलं की फरशी आहे तशीच राहील आणि उद्या दुसरं कुणी पडेल. त्यांनी खोडलं.

हा कागद ज्यांच्या हाती जाईल त्यांनी एवढंच करावं: कडेचा पट्टा सोडून बाकीचे उंचवटे उखडेपर्यंत फलाट एक बंद ठेवा.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. थकले आहे, पण पुन्हा विचारलंत तरी हेच सांगेन.