विरोध : रहीमभाई

अडलीय? संस्था अडलीय असं घरमालक म्हणतो, आणि कोर्ट लगेच तुम्हाला चौकशीला कसबा पेठेत पाठवतं? बघा की साहेब — या कपाटात कुबड्या, भिंतीला वॉकर, वर पाण्याच्या गाद्या. पेशंट घरी आला की लोक आधी ‘आनंदीबाई आहेत का’ विचारत माझ्याकडे येतात — फुकट नेतात, काम झालं की परत आणतात. चाळीस वर्षं! विश्वस्त दोनच उरले, मी आणि रहीमभाई, मान्य. दोन वर्षांत एकही ठराव पास नाही — एक बाजूनं, एक विरोधात — तेही मान्य. पण म्हणून बरखास्त? अहो, माणूसच तसा! खडकीच्या कारखान्यात फिटर. मी म्हणायचं नवा वॉकर घेऊ, त्यांनी म्हणायचं विरोध, जुना दुरुस्त करतो — आणि करायचेही. विरोध असला की ठरावांच्या वहीवर सही करायची नाही, हा त्यांचा नेम, म्हणून सही नाही, असे बघू नका माझ्याकडे. करायचे म्हटलं का मी? करतात. करतात हो.

ते रजिस्टर नको. देवघेवीचं आहे, ठरावांशी काय संबंध त्याचा? — ठेवा म्हणते ना! ... हो, चाकाची खुर्ची, रहीमभाईंच्याच नावावर. विश्वस्तानं आजारी पडू नये? परत आली, अमिनाबींनी, त्यांच्या बायकोनं आणून दिली. दोन वर्षं झाली. खुर्ची परत आली म्हणजे माणूस चालायला लागला. नाहीतर —

बसा. सांगते. त्याच महिन्यात सभा होती. मी एकटी. ठराव मांडला, ‘सर्वानुमते’ लिहायला गेले आणि हात धजेना. जन्मात ज्यानं हो म्हटलं नाही, त्याच्या नावावर हो कसं लिहू? म्हणून विरोध लिहिला. मग दर महिन्याला लिहीत गेले. बरं वाटायचं. आता तेच वाचून तुम्ही म्हणता, दोघांचं जमत नाही, मोडा संस्था. अहो, आमचंच तर जमायचं! एकटी उरले म्हणून मोडायची तर मोडा, पण भांडणापायी मोडली असं लिहू नका.

कोण गं दारात? सासऱ्यांना वॉकर? तो कोपऱ्यातला घे, जुना आहे पण मजबूत आहे. — साहेब, रजिस्टर द्या इकडे. तिचं नाव लिहायचंय.