इन्फ्रारेडला समोर माणूस लागतो

...आणि वर मलाच विचारतात हो, "सर, याच्यात क्यूआर कोड कुठंय?" क्यूआर कोड! अगं बाई, मी हे यंत्र घेतलं तेव्हा तू गळ्यात पाण्याची बाटली अडकवून शाळेत जात होतीस, आणि आज संपादक झालीस म्हणून मला क्यूआर विचारतेस? नाही, तुम्हीच सांगा, डोकं फिरणार नाही माणसाचं? आणि कधी विचारलं, तर माझ्या निरोप समारंभात! अख्खी हयात सोलापुरात बातमीदारी केली, त्याचा शेवट काय, तर खांद्यावर सोलापुरी चादर. सोलापूरच्या माणसाला सोलापुरी चादर! घरी आधीच इतक्या आहेत की पाहुण्याला अंथरूण म्हणून नाही, भिंत म्हणून लावता येतील. पण ते राहू दे. मी यंत्राचं सांगत होतो.

तर हे यंत्र. डिजिटल डायरी म्हणा, ऑर्गनायझर म्हणा, आमची बायको दानेश्वरी त्याला 'तुमची सवत' म्हणायची. पानाच्या चंचीएवढं, खिशात मावणारं, सोबत प्लॅस्टिकची काडी, त्या काडीनं काचेवर लिहायचं. पण सरळ नाही लिहायचं हं! त्याची स्वतःची बाराखडी. इंग्रजी ए काढायचा, पण आडवी दांडी द्यायची नाही. टी काढायचा, पण अर्धाच. मराठी तर त्याला येतच नाही! मी महिनाभर रोज शुद्धलेखन काढल्यासारखं बसून ते शिकलो, आणि असा शिकलो की बँकेत स्लिप भरली तरी तीच अक्षरं. क्लार्क म्हणतो, "साहेब, ही लिपी कुठल्या लेण्यातली?" पण सांगतो तुम्हाला, एकेक नंबर मी त्या काडीनं आत घातला, आणि वर काळ्या काचेची बारीक खिडकी आहे ना, तिच्यातून इन्फ्रारेड निघतो. दिसत नाही, पण निघतो! दोन यंत्रं वीतभर अंतरावर समोरासमोर धरायची, बटण दाबलं की माझ्याकडचा नंबर त्याच्याकडे. ना वायर, ना टॉवर, ना रिचार्ज. अट एकच. समोर कुणीतरी पाहिजे की!

आता माझी पद्धत ऐका. मी नाव कधी लिहिलं नाही. बातमी देणाऱ्याचं नाव लिहायचं असतं होय? उद्या कुणी यंत्र उचललं म्हणजे? म्हणून मी नाव विचारायचोच नाही, नुसतं खातं लिहायचो. मार्केट यार्डातला माणूस म्हणजे 'कांदा'. धरणाच्या पाण्याचं खरं सांगणारा तो 'उजनी'. महापालिकेतला तो 'ड्रेनेज'. पोस्टमार्टेमच्या खोलीवरचा तो 'शवागार'. एकदम पक्कं काम! फक्त मुलीचं, संस्कृतीचं, लग्न ठरलं तेव्हा दानेश्वरी पत्रिकांचा ढीग घेऊन बसली आणि म्हणाली, "सांगा नावं." मी यंत्र उघडलं. तिनं वाचलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "श्री. व सौ. ड्रेनेज लिहू? आणि शवागार सहकुटुंब येणार का?" इतकी माणसं यंत्रात, आणि पत्रिका द्यायला एकाचंही नाव ठाऊक नाही!

तर निरोप समारंभ. भाषणाला उभा राहिलो. म्हटलं, "इतकी वर्षं तुम्ही सगळे या डायरीवर टपून होता. तीन संपादक मागून थकले. मी म्हणायचो, माझी माणसं म्हणजे काय गूळ-शेंगदाणे आहेत वाटायला? पण आज वाटणार! घ्या!" आणि यंत्र असं समोर धरलं. सगळ्यांनी मोबाईल वर केले. मला वाटलं, घेतायत... फोटो काढत होते! समोर इतके मोबाईल आणि एकाला खिडकी नाही हो! माझं यंत्र आपलं काचेवर लिहितंय, 'सर्चिंग... सर्चिंग...' आणि मी देवीपुढं आरती धरल्यासारखा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतोय. तेव्हा आमच्या ऋतुजा मॅडम, संपादक, म्हणाल्या, "सर, याच्यात क्यूआर कोड कुठंय?" म्हटलं, नाही. "मग निवांत टाइप करून व्हॉट्सअ‍ॅप करा ना सर. घाई नाही."

घाई नाही! अहो, घाईवर पोट भरलं मी!

आणि तो अभिमन्यू, क्राइम बघतो, भला मुलगा आहे, तो तर मला समजावतो, "सर, तसं आता लागत न्हाय ओ. प्रेसनोट ग्रुपवरच पडती की." पडते? आंब्याखाली उभं राहायचं आणि पडली की उचलायची? ही बातमी झाली? मी त्याला झापणारच होतो, पण समोसे आले, आणि सगळे तिकडं वळले. समोर धरलेलं यंत्र तसंच हातात. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं ज्याच्यावर पहारा दिला, ते चोरायला कुणी आलंच नाही, याच्यासारखा अपमान नाही.

घरी आलो. घरी कोण? दानेश्वरी पुण्याला. संस्कृतीला मूल झालं म्हणून गेली, 'जरा उठतं बसतं होऊ दे' म्हणाली, आता ते मूल शाळेत जातं, ही अजून तिथंच. रोज व्हिडिओ कॉल करते, नाही म्हणत नाही. पण कसा? फोन डब्याला टेकवून ठेवते आणि नातीच्या मागं धावते. मला दिसतो पंखा. मी पंख्याला सांगतो, "जेवलो. हो, गोळी घेतली." पंखा गरगर फिरतो. मधूनच कुठून तरी आवाज, "हं... हं... बोला, ऐकतेय." त्या दिवशी पंख्याला म्हटलं, "आज निरोप झाला." पंखा म्हणाला, "हो का? चादर मिळाली असेल!" आता बोलण्यात काय राम? बोलायला समोर कुणीतरी पाहिजे की!

त्यात यंत्रानं मान टाकायला सुरुवात केलेली. दोन बारके सेल लागतात त्याला. बदलायचे ते असे झटकन, नाहीतर आतलं सगळं साफ! जन्माची कमाई, आणि जीव त्या दोन सेलांत. सेल धरणाऱ्या पत्र्याला गंज चढलाय. नव्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्यानं भिंगातून पाहिलं आणि डॉक्टरासारखा चष्मा काढून म्हणाला, "काका, हे सेल आहेत तोवर आहे. पुढचे हे धरणार नाही. दुसऱ्या सेम मशीनवर टाकून घ्या." आता सोलापुरात सेम मशीन एकाकडेच. कुणाकडं? शिवशरणकडं! ज्याचं तोंड बघायचं नाही म्हणून मी शपथ घेतली, त्या शिवशरणकडं!

हा शिवशरण म्हणजे दुसऱ्या पेपरचा बातमीदार. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, घासाघीस करून ही यंत्रं घेतली. पेपर वेगळे, पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर समोरासमोर बसायचो आणि देवाणघेवाण. तू मला एक दे, मी तुला एक देतो. लोकांना वाटायचं, दोन शहाणी माणसं टीव्हीचे रिमोट घेऊन एकमेकांना का दाखवतायत! तर मी ह्याला 'शवागार' दिला. विश्वासानं दिला! आणि दुसऱ्या दिवशी माझी बातमी ह्याच्या पेपरात, पहिल्या पानावर! विचारलं तर काय म्हणाला? "नंबर दिलास म्हंजे बातमी दिलीस की बे!" संपलं. तेव्हापासून बोलणं बंद. तो रिटायर होऊन वळसंगला शेतावर गेला, मी म्हटलं, पीडा गेली.

पण सेल! शेवटी एसटी धरली. वळसंगला उतरलो, विचारत विचारत गेलो. हा दारापुढच्या वट्ट्यावर बसून शेंगा फोडतोय. मला पाहिलं. फोडलेली शेंग तोंडात टाकली. चावली. मग म्हणाला, "काय बे? अजून जित्ता हायस व्हय?" म्हटलं, "तुझ्या पेपरात आलं नाही ना, मग आहे." तसा हसला की नाही कळलं नाही, पण शेंगांची पाटी बाजूला सारली आणि म्हणाला, "बा, कूडु." म्हणजे ये, बस. भांडणातसुद्धा बस म्हणायचं सोडत नाहीत ही कानडी बोलणारी माणसं.

म्हटलं, "मी बोलायला आलो नाही. कामाला आलोय. तुझं यंत्र कुठंय?" ह्यानं ट्रंकेतून काढलं, फडक्यात गुंडाळलेलं! म्हणजे ठेवलं होतं हं! पण सेल कधीच मेलेले. मग हा आत गेला आणि टीव्हीच्या रिमोटमधले सेल उपटून आणले. आतून सिद्धम्मा, त्याची बायको, ओरडली, "अय्यो, माजी मालिका! आत्ता तिचं लगीन मोडायलंय की!" हा म्हणतो, "मोडू दे. हितं जुळायचं बगायलोय."

यंत्र सुरू झालं. आत काही नाही. कोरं! ह्याची सगळी माणसं कधीच पुसली गेलेली. मी म्हटलं, "अरेरे." तो म्हणाला, "अरेरे काय? झ्याक झोप लागती."

आता धरायची समोरासमोर. आणि तुम्हाला सांगतो, धरता येईना! माझा हात इकडं तर त्याचा तिकडं, इन्फ्रारेड जातोय शेंगांवर! सगळं एकदम पाठवायला गेलो तर मधेच तुटतं. दोनदा तुटलं, तीनदा तुटलं. शेवटी सिद्धम्मा पुटपुटत बाहेर आली, तिनं मधे परात पालथी घातली, म्हणाली, "ठेवा हेच्यावर दोगं बी." ठेवली. एकेक करून पाठवायचं ठरलं. मी पहिला सोडला, 'कांदा'. त्याच्या काचेवर चौकट आली. घ्यायचं का? हो, नाही.

शिवशरण चष्मा वर करून म्हणाला, "कांदा म्हंजे यार्डातला त्यो बोबडा?"

"हो."

"गेला की त्यो." आणि दाबलं, नाही!

"अरे, विचार तरी!"

"कुणाला? त्येला? बरं, फुडं."

'उजनी' पाठवला. "ह्यो मुलाकडं गेलाय, बेंगलोरला. मला वळकत बी न्हाय आता." नाही! 'ड्रेनेज' पाठवला. "ह्यो तर घरातला, लँडलाइनचा नंबर. तार कापून नेली लोकांनी, कुणाला फोन करतूस, तांब्याला?" नाही! 'शवागार' पाठवला, मुद्दाम पाठवला, बघू म्हटलं काय तोंड करतो. हा म्हणाला, "ह्यो बी गेला. आन् गंमत बग, त्येला तितंच ठिवला हुता." आणि आम्ही दोघं, तुम्हाला खरं सांगतो, हसलो. हसायचं नव्हतं, पण हसलो, परात हलली, यंत्रं सरकली, परत नीट लावली.

दुपार अशी गेली. मी पाठवतोय, तो 'नाही' दाबतोय. म्हणजे मी काडीनं, त्या लेण्यातल्या अक्षरांत, एकेक माणूस जपला, नाव लपवलं, संपादकांशी भांडलो, बायकोशी भांडलो, आणि निम्मी माणसं मला न कळवता निघून गेली हो! ज्यांनी मला गावभरच्या मरणाच्या बातम्या दिल्या, त्यांची बातमी मला कुणी दिली नाही. कशी देणार? नाव कुठं ठाऊक होतं मला? पेपरात आली असेल, छोट्या टायपात, नावासकट. मीच पान लावलं असेल!

संपलं. माझ्याकडं पाठवायला काही उरलं नाही. त्याच्या यंत्रात काही गेलं नाही. उठलो, म्हटलं, "येतो. एसटी जाईल."

तर म्हणतो, "आन् तुजं?"

"माझं काय?"

"तुजं कार्ड धाड की बे. तेवडं तरी बगू."

म्हटलं, कशाला? पण बसलो. माझं स्वतःचं कार्ड होतं त्यात. नावासकट! तेवढ्या एकालाच नाव. पाठवलं. चौकट आली. घ्यायचं का? हो, नाही. आणि हा थांबला हो! दर वेळी टपाटप 'नाही' दाबणारा माणूस, माझ्या वेळी थांबला! शेंग फोडली. खाल्ली. माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. एक माणूस असा चौकटीत अडकलेला, तुम्ही कधी अडकलाय का? आत टीव्ही बंद, सिद्धम्मा दारात उभी. म्हटलं, दाब की एकदा! काय ते दाब!

दाबलं. हो.

पण यंत्र एवढ्यावर सोडतंय होय? लगेच विचारतं, कुठल्या खान्यात टाकू? कामाची माणसं? घरची माणसं? की अनफाइल्ड, म्हणजे कुठलाच खाना नाही? शिवशरण मोठ्यांदा वाचून म्हणाला, "कामाचं? काम तर संपलं तुजं. घरचं? आं हां! तसं कसं? आपलं भांडण हाय अजून." मी उसळलो, "भांडण तू केलंस!" "मी? नंबर कुणी दिला?" "बातमी कुणी चोरली?" "चोरली म्हन्तूस? उचलली म्हन की!" झालं! सिद्धम्मानं दोघांपुढं चहा आदळला आणि परात उचलून नेली. शेवटी ह्यानं मला टाकलं अनफाइल्डमध्ये. म्हणाला, "सध्या असू दे तितंच. भांडनाचा निकाल लागला की बगू कुटं घालायचं. फुडल्या गुरुवारी ये."

तर आता दर गुरुवारी जातो. रिमोटला नवे सेल घेऊन जातो, जुने त्याच्या यंत्रातच राहिलेत, सिद्धम्माची मालिका बुडत नाही. माझ्या यंत्रानं मान टाकली मधे, टाकू दे. वट्ट्यावर समोरासमोर बसतो आणि भांडतो, पहिल्यापासून, सगळ्या पुराव्यांसकट. तो हरत नाही, मी तर हरणारच नाही. परवा दानेश्वरी, म्हणजे पंखा, म्हणाला, "अहो, मिटवून टाका ना एकदाचं, या वयात!" तिला काय सांगू? निकाल लागला, तर गुरुवारी एसटी धरून जायचं कुणाकडं?