काहीच चालू न्हाई, तरी चार टक्के!

गळ्यातल्या लिंगाची आन, यातला शब्द न् शब्द खरा हाय... म्हंजे, एक जागा सोडून. ती शेवटी सांगतो. तर हा लॅपटॉप महानंदाचा, आमच्या मंडळींचा. निलंग्याच्या शाळेत बाई होती. जाऊन दोन वर्षं झाली. लॅपटॉप मागं ऱ्हायला, मीबी ऱ्हायलो. दोघंबी जुने, दोघंबी गरम!

तुम्हाला सांगतो, लेक शिवानी फोनवर म्हणाली, "पप्पा, तीन बटनं दाबा, प्रोसेसर किती चालतोय ते दिसतंय." दाबली. फाईल उघडी न्हाई, गाणं न्हाई... काहीच चालू न्हाई, तरी चार टक्के! आत कोण राबायलंय? मी रोज खुर्ची ओढून बघत बसायचो. मधीच सहा, मधीच तीन... महानंदाची घरात कामं उरकायची चालबी अशीच की हो! अन् सकाळी बरोबर नऊला तिनंच लावून ठेवलेली पाटी पडद्यावर यायची, "बीपीची गोळी घेतली का?" घेतली बाई, घेतली!

मग एक दिवस टक्के शंभर! पंखा पिठाच्या गिरणीवानी घरघरायलाय, बॅटरी वीस मिनिटांत खलास. नेला लातूरला. दुरुस्तीवाल्या राजशेखरनं खोलला, आत बघितलं, मग माझ्या कपाळाकडं बघितलं. "काका, पंख्यात भस्म कसं आलं हो?" आता काय सांगावं? रोज अंघोळ झाली की कपाळाला तीन बोटं ओढायची, अन् त्याच बोटांनी तिच्या लॅपटॉपलाबी!

म्हणलो, "ते ऱ्हाऊ दे, पर काहीच चालू न्हाई, तरी चार टक्के, ते कसं?"

"तुम्ही बघत बसताव ना काका, त्या बघण्यालाच टक्के लागतेत! लई कचरा साठलाय. फॉरमॅट मारतो, सगळं साफ."

मी असा गरजलो, "खबरदार! हात लावशील तर!" लॅपटॉप काखेत मारला अन् तडक निलंग्याची यष्टी धरली.

...हे गरजणं खोटं. मी म्हणलो, "मार बाबा." फोटो मोबाइलमधी घेतलेले होते; वाटलं, आजून काय ऱ्हायलंय त्यात? दुसऱ्या दिवशी नऊ वाजले. सव्वानऊ. दहा... पडदा स्वच्छ. गोळी पाकिटातच.

आता एकदम झकास चालतो बघा. पंखा गप, टक्का एक, बॅटरी चार तास पुरते... पर चार तास बघू काय?